क्रोशाच्या रुमालाखालचा ॲम्प्लिफायर

रिटायर झाल्यावर लोक प्लॉट घेतात, आमच्या बाबांनी ॲम्प्लिफायर घेतला. तोही असातसा नाही. परदेशी बनावटीचा, गव्हाच्या पोत्यासारखा जड, दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या. वसमतमध्ये बातमी फिरायला कितीसा वेळ लागतो! "तुमच्या बाबाला काही झालंय का?" असं मला लोकांनी भर बाजारात विचारलं. मी तोंडाची फटकळ. म्हणलं, "व्हय, कान उघडलेत. तुमी बी उघडून बघा."

पण खरं सांगते, पहिल्यांदा त्यावर सकाळची बुद्धवंदना लागली तेव्हा मी हातात झाडू धरून तशीच उभी राहिले. गाथा सुरू करण्याआधी म्हणणाऱ्यानं घेतलेला श्वास ऐकू आला हो! आईचे डोळे तेव्हा काचबिंदूनं जात चालले होते. ती म्हणाली, "अगं बाई, हे म्हणणारे तर आपल्या घरात येऊन बसलेत." बाबांचा चेहरा काय फुलला होता त्या दिवशी.

आमच्याकडं हळदीच्या दिवसांत हवाच पिवळी असते. हळद पॉलिश करायच्या ड्रमांची धूळ कपाटाच्या आत जाते, तिथं या मशीनची काय कथा. म्हणून आईनं क्रोशानं रुमाल विणायला घेतला. मधोमध मोठं फूल, कडेनं लहान फुलं. जाळीतून धूळ जाईल म्हणून खाली जाड अस्तरही शिवलं. रुमाल संपता संपता तिला सुईचं टोक दिसेनासं झालं. त्यानंतर तिनं सुई हातात धरली नाही.

आता घोळ असा, की हे मशीन काही न वाजवता नुसतं चालू ठेवलं तरी तापतं. त्याची जातच तशी. गरम हवा वरच्या जाळीतून बाहेर पडायला हवी, आणि वर तर आईचं अस्तर! पहिल्या उन्हाळ्यात ते मधेच आपोआप बंद पडू लागलं आणि एक दिवस उठलंच नाही.

बाबा आणि मी ते मांडीवर घेऊन एसटीनं नांदेडला गेलो. दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं. आतले कपॅसिटर फुगलेले. "साब, इसका दम घुट रहा है. ऊपर कुछ रखते क्या?"

"नहीं तो," बाबा म्हणाले.

मी बघतच राहिले. आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीत बसलेला, कुणाशी खोटं न बोललेला माणूस!

घरी आल्यावर आईनं विचारलं, "कशानं बिघडलं हो?"

"व्होल्टेजनं," बाबा म्हणाले.

व्होल्टेज कसलं डोंबलाचं! माझ्या जिभेवर आलं होतं, पण बाबांनी असं काही बघितलं माझ्याकडं की मी गिळून टाकलं. नंतर अंगणात मी त्यांना धरलं. "एवढ्या हौसेनं आणलं ना? मग जाळून काहून राहिलात?" आई शेजारी गेली की बाबा रुमाल काढायचे, तिच्या चपलेचा आवाज आला की परत घालायचे. तेही बराबर, फूल मधोमध ठेवून. कारण ती आल्या आल्या बोटांनी फुलं चाचपायची. कूलर तर त्यांनी मशीनकडं वळवला होता. आम्ही घामानं निथळतोय आणि साहेब गार वाऱ्यात! ती ओली हवाच आत शिरली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा नांदेड. दुरुस्तीवाल्यानं या खेपेला हातच जोडले. आता जळलं तर याचे पार्ट मिळायचे नाहीत, म्हणाला.

तरी रुमाल पुन्हा वर चढला. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

मग एका दुपारी बाबांना गाणं ऐकता ऐकता डुलकी लागली. आई बाजूला येऊन बसली, सवयीनं फुलावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. परत ठेवला. रुमालाखाली बोटं घातली. तिनं गाणं बंद केलं तसे बाबा जागे झाले.

"हे माझ्या रुमालानं तापून राहिलंय. तुमाला ठाऊक होतं?"

बाबा खुर्चीत सावरून बसले.

"आवो, मला काहून सांगितलं न्हाई? तुमच्या जिवाचं मशीन हाय ते. जळून गेलं असतं तर?"

"मशीन दुसरं मिळतं," बाबा म्हणाले. "रुमाल आता कोण विणणार हाय?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

मग आईनं स्वतःच्या हातानं रुमाल काढला, घडी केली, उलगडला आणि बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर घातला, डोकं टेकतं तिथं. "तेल लावून टेकायचं न्हाई," एवढंच म्हणाली.

आता मशीन उघडं असतं आणि हळदीची धूळ पुसायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दोन उन्हाळे झाले, कुरकुर नाही. संध्याकाळी गाणं लागलं की आई आधी मशीनच्या वर तळहात धरते, लेकराचा ताप बघावा तसा. मग बाबांच्या मागं उभी राहून रुमालावरची फुलं चाचपते. मधल्या फुलाच्या जागी बाबांचं टक्कल लागतं. तिचा हात तिथंच राहतो, आणि गाणं संपेपर्यंत बाबा मान हलवत नाहीत.