भिंतीला पाय

माझी नात सध्या नगरच्या एका तलावावर मुलांना पोहायला शिकवते. त्याआधी तीन वर्षे ती आपल्या महाविद्यालयाची जलतरण विजेती होती. हिला घडवले कोणी, असे लोक विचारतात. मी उत्तर टाळतो. शिकवले मी, हे खरे आहे. अडवलेही मीच.

कोल्हारजवळ आमची बागायत आहे आणि तिच्यात एक दगडी विहीर. वडिलांनी ती चुना न वापरता, नुसते दगड बसवून बांधून घेतली होती. पाठीला रिकामा डबा बांधून आम्ही सर्व त्याच पाण्यात शिकलो. नियम एकच होता: भिंतीला पाय लावायचा नाही. भिंतीशी आले की पाय पोटाशी घ्यायचे, हाताने दगड धरायचा आणि वळायचे. पायाचा रेटा बसला तर दगड निसटतो.

एकदा निसटला होता. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. धाकटा भाऊ पायरीवर उभा होता; दगड त्याच्या उजव्या पायावर पडला आणि तीन बोटे गेली. यानेच भिंतीला लाथ मारली असणार, असे वडिलांनी ठरवले. भावाने ते नाकारले नाही. मीही काही बोललो नाही.

नातीला सहाव्या वर्षी विहिरीत उतरवले, तेव्हा मी तिला भावाचा पाय दाखवला. "भिंतीला लाथ मारली की असं होतं." तिने तो पाय बराच वेळ न्याहाळला. पुन्हा सांगावे लागले नाही.

महाविद्यालयात तिला तोड नव्हती. विद्यापीठाच्या स्पर्धेत मात्र पहिल्या वर्षी ती दुसरी आली. मी पुण्याला पाहायला गेलो होतो. सरळ पाण्यात ती सर्वांच्या पुढे असे. भिंत आली की पाय पोटाशी घेई, हाताने काठ धरी, आणि शेजारची मुलगी भिंतीला लाथ मारून हातभर पुढे निघून जाई.

प्रशिक्षक बाई माझ्याजवळ आल्या. "आजोबा, सरावात जमतं हिला. शर्यतीत भिंत आली की काय होतं कोण जाणे. घाबरते का?"

"घाबरत नाही," मी म्हणालो. एवढेच.

बरोबरच्या मुली तिला 'विहीर' म्हणून हाक मारत. ती ते हसण्यावारी नेई. घरी आल्यावर मला म्हणाली, "आबा, दम कमी पडला." मी मान हलवली. ती वर्षभर रोज सकाळी उसाच्या बांधाने धावली. दम वाढला. दुसऱ्या वर्षीही ती दुसरीच आली. पाय तसेच पोटाशी आले होते.

विहिरीला आम्ही फार पूर्वीच सिमेंट करून घेतले होते. दगड निसटण्याचा प्रश्न उरला नव्हता. नियम मी ठेवला, कारण तो काढला असता तर जुनी गोष्ट निघाली असती.

तिसरे वर्ष शेवटचे होते. स्पर्धेला पंधरा दिवस उरले असताना ती घरी आली आणि म्हणाली, "नाव मागे घेते, आबा. माझ्यात दमच नाही."

त्या दुपारी मी तिला विहिरीवर नेले. भाऊ काठावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. ती पाण्यात उतरल्यावर मी सांगितले, "भिंतीला लाथ मार."

ती हसली. "आणि बोटं? छोट्या आबांकडे बघा की जरा."

"त्याने मारली नव्हती. ती लाथ माझी होती."

भावाने हातातली शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. "व्हय," तो म्हणाला. "म्या पायरीवर हुतो. समदं दिसत हुतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हनलं. साठ वर्सं झाली, दादा. पोरीत न्हाई, पर तुज्यात लई दम हाय."

नात पाण्यातून आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहत राहिली. मग ती वळली आणि तिने भिंतीला लाथ मारली. पहिली अर्धवट बसली. दुसरीही. दहा-बारा झाल्यावर पाय आपोआप भिंतीवर जाऊ लागले. पंधरा दिवस तेच चालले.

त्या वर्षी पुण्याला आम्ही दोघे भाऊ गेलो. शेवटच्या वळणावर ती दुसरी होती. तिचे दोन्ही पाय भिंतीवर असे आदळले की शेजारी बसलेल्या भावाने आपला उजवा पाय बाकाखाली ओढून घेतला. ती पाण्यावर आली तेव्हा हातभर पुढे होती, आणि शेवटपर्यंत पुढेच राहिली.

टाळ्या थांबल्या तरी भाऊ त्या भिंतीकडेच पाहत होता.

"दगड न्हाई पडला," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणालो.