नव्या बेअरिंगवरचा गंज

पोलीस खात्यातली नोकरी मी लवकर सोडली, पण ती घटना अजून मनातून जात नाही. तेव्हा मी शिरूर भागातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. तपासाचं काम मला नवं होतं आणि मी बोलण्यापेक्षा बघायचे जास्त.

आमच्या हद्दीत एका परदेशी कंपनीचं गोदाम होतं. कारखान्यांना बेअरिंग, पट्टे, ग्रीस असं देखभालीचं सामान पुरवायचं आणि ते बसवूनही द्यायचं, हा त्यांचा व्यवसाय. दौंडकडच्या एका कारखान्यासाठी खास मागवलेलं मोठं बेअरिंग पाठवायची वेळ आली, तेव्हा रॅकवर फक्त रिकामा डबा सापडला. कारखाना बंद पडला आणि कंपनीने फिर्याद दिली.

दुसऱ्याच दिवशी ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "निमोण्याच्या त्या टेक्निशियनची कांदा चाळ बघा. लई उडतंय ते पोरगं. त्याच्या पासपोर्टचा कागद तुमच्याकडंच हाय ना?"

ते खरं होतं. कंपनीने त्या तरुणाला परदेशात प्रशिक्षणासाठी निवडलं होतं आणि त्याची पासपोर्ट पडताळणी माझ्याच टेबलावर होती. गुन्हा अंगावर आला असता तर अहवाल विरोधात गेला असता, आणि परदेश कायमचा हुकला असता.

पंचांसमक्ष झडती घेतली. चाळीत पोत्याखाली बेअरिंग मिळालं, तेलकट कागदात गुंडाळून सपाट फळीवर ठेवलेलं. तेलामुळे ठसे मिळाले नाहीत. पंचनामा करून माल मालखान्यात जमा केला.

तरुण चौकशीत एकच सांगत राहिला, "मॅडम, मी आणलं नाही."

"तुझं वैर कोणाशी?"

"कोणाशीच नाही."

आमचे हवालदार मामा हसले. "सगळे असंच म्हणत्यात. सज्जनांचं गाव हाय."

गोदामातल्या सगळ्यांचे जबाब घेतले. त्यात राहू गावचे एक जुने फिटर होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. या तरुणाला काम त्यांनीच शिकवलं होतं. आप्पांनी सांगितलं, "त्या डब्याला म्या हात बी लावला न्हाई. पोरगं गुणाचं हाय, पर मोह कुणाला सुटत न्हाई." सही करताना त्यांच्या तळहाताखालचा कागद ओला झाला. मला वाटलं, पोलिसांची भीती असेल.

काही आठवड्यांनी न्यायालयाने बेअरिंग कंपनीला परत द्यायचा आदेश दिला. पंचांपुढे सील फोडलं, कागद उलगडला, आणि कंपनीचा व्यवस्थापक ओरडला, "हे गंजलंय! मी घेणार नाही!"

गंज सगळीकडे नव्हता. आतल्या कड्यावर गोल फिरत गेलेले तपकिरी ठिपके होते. जवळून पाहिलं तर त्यात बोटांच्या रेषा दिसत होत्या. व्यवस्थापकाने चिडून सांगितलं, "ज्याच्या हाताला जास्त घाम येतो त्याने नुसतं हात लावला तरी स्टील असं गंजतं. हातमोज्याशिवाय हात लावू नका, हे आप्पाच नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात."

मला तो ओला कागद आठवला. तज्ज्ञाकडून ते ठसे तरुणाच्या आणि आप्पांच्या ठशांशी ताडून घेतले. ते तरुणाचे नव्हते. आप्पांचे होते.

आप्पांना बोलावून मी गंजलेल्या कड्याचा फोटो समोर ठेवला. तो बघताच ते एकदम चिडले.

"गंज चढू दिला व्हय? तेल लावायचं न्हाई का? एवढा नाजूक माल आन् तुम्ही कपाटात कोंबला!"

"आप्पा," मामा हळूच म्हणाले, "हा गंज तुमच्याच बोटांचा हाय."

आप्पा रुमालाने हात पुसत बसले.

"फिरवून बघितलं," शेवटी म्हणाले. "कागदात गुंडाळायच्या आधी. असलं बेअरिंग हातात आलं की फिरवल्याबिगर ऱ्हावत न्हाई. मोजं घालायचं ध्यानातच आलं न्हाई."

"त्याच्या चाळीत का ठेवलंत? तो तर तुमचाच."

"माझाच हाय. म्हणून तर." त्यांनी रुमालाची घडी घातली. "निवडीचं पत्र आलं तवा पेढं पयल्यांदा माझ्या हातावर ठिवलं त्यानं. पाया पडला. म्हनला, आप्पा, तुमच्यामुळं. साहेबानं परदेशासाठी माझं नाव कवा काढलं न्हाई, तवा एवढं लागलं नव्हतं. त्यानं आभार मानलं, ते मातर सोसलं न्हाई, मॅडम. त्याला जाऊच द्यायचा नव्हता, म्हणून फोन बी म्याच केला. चोर नसता ठरला, नुसता हितंच ऱ्हायला असता, तरी मला चाललं असतं."

आप्पांवर दोषारोपपत्र गेलं. तरुणाचं नाव गुन्ह्यातून कमी झालं आणि मी पडताळणीचा अहवाल अनुकूल पाठवला. निघण्याआधी तो ठाण्यात आला.

"आप्पांना भेटून जाऊ का, मॅडम?"

मग त्यानेच मान हलवली. "नको. त्यांना अजून त्रास होईल." आणि तो गेला.

पुढच्या तपासांत मी वैर कोणाशी हे विचारायचे, पण त्यावर फारसं विसंबले नाही. वैरी माणूस लांबूनही ओळखू येतो. हेवा करणारा जवळ असतो, आणि आपल्याला तो आवडतही असतो. म्हणून मी आणखी एक प्रश्न विचारू लागले: तुमची चांगली बातमी तुम्ही आधी कोणाला सांगितलीत? पहिल्या प्रश्नाला लोक पटकन उत्तर देत. दुसऱ्याला मात्र नाव ओठांवर यायचं आणि तिथेच थांबायचं.