खाली थेंब नाय

आमच्या गाडीचं पाणी कुठं जातंय, ते कुणालाच कळेना. नवऱ्यानं हौसेनं घेतलेली जुनी पांढरी गाडी. रोज सकाळी रेडिएटरचं झाकण उघडावं, तर पाणी खाली गेलेलं. भरलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "गाडीय का म्हैस?" मी म्हणायचे.

नारायणगावच्या मिस्त्रीनं पाइप चाचपले, तेलाची कांडी काढून बघितली, धूर बघितला. सगळं ठीक. मग मला म्हणाला, "वहिनी, साधं पाणी वाळून जातं, दिसत नाय. पाण्याऐवजी हिरवं कूलंट टाकू. गळत आसंल तर फरशीवर हिरवा डाग पडंल. न्हाई पडला तर इंजिनच आतल्या आत पितंय. मग हेड खोलायचं." हेड खोलायचं म्हणजे इंजिनाचं पोटच फाडायचं. नवऱ्याचा चेहरा एवढासा झाला.

डाग बघायचं काम माझ्याकडं आलं, कारण शेडची कडी मीच काढायचे. शेडमध्ये रात्री गाडीसोबत माझं कुत्रं असायचं. निमगाव साव्याहून, माझ्या माहेराहून, भावानं पिशवीत घालून आणलेलं. आमच्या पिंपळवंडीच्या उसात त्या साली बिबट्या हिंडत होता, शेजारच्या मळ्यातलं कुत्रं त्यानं ओट्यावरून उचललं होतं. म्हणून मी नवऱ्याशी भांडून माझं कुत्रं आत कोंडायला सुरुवात केली. "गाडीला राखण आन् कुत्र्याला छप्पर," असं म्हणून कडी घालायचे नि निवांत झोपायचे.

कूलंट टाकल्यावर पहिल्या सकाळी मी गुडघ्यावर बसून गाडीखाली बॅटरीचा उजेड मारला. फरशी लख्ख. दुसऱ्या सकाळीही तेच. कुत्रं येऊन माझ्या गालाला तोंड घासत होतं. तोंडाला गोडसर वास. "कुठं गूळ चाटून आलास रे चोरा?" म्हणत मी त्याला ढकललं आणि ओरडले, "अहो, खाली थेंब नाय!" लई ऐटीत ओरडले, जणू मिस्त्रीची सगळी विद्या मलाच आली होती.

त्याच दुपारी ते प्यायलेल्या माणसासारखं झोकांड्या खायला लागलं. बादलीतलं पाणी घटाघटा प्यायलं आणि सगळं ओकलं. कुणीतरी विष घातलं, असं माझ्या डोक्यानं घेतलं. बांधावर उभी राहून मी अख्ख्या शिवाराला शिव्या घातल्या. ज्यांचं कुत्रं बिबट्यानं नेलं होतं, त्यांनाही सोडलं नाही. जनावरांचे डॉक्टर आले, सलाइन लावलं. "रात्री कुठं असतं हे?" त्यांनी विचारलं.

"कोंडलेलं असतं की! रात्री काय खाणारे ते?" मी फटकन बोलले. ते सलाइनची दुसरी बाटली जोडायला लागले.

त्या रात्री मी त्याला घरात माझ्या अंथरुणाशेजारी घेतलं. उजाडायच्या आत ते गेलं. आम्ही बांधाच्या कडेला खड्डा करून त्याला पुरलं. नवऱ्याला हेड खोलायला गाडी न्यायची होती, म्हणून हातापायाची माती धुऊन मी शेडची कडी काढली.

गाडीखाली फरशीवर तळहाताएवढा हिरवा डाग होता.

नवरा वाकून बघत म्हणाला, "सापडलं गं! बाहेरच गळतंय, हेड खोलायला नको!" मग कोपऱ्यातल्या, कुत्र्याच्या रिकाम्या गोणपाटाकडं त्याचं लक्ष गेलं. मला तो गोडसर वास आठवला. गाडी थंड होताना त्या गोड, विषारी कूलंटचे थेंब पडत होते, आणि ते बिचारं एकेक चाटून फरशी साफ ठेवत होतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. बिबट्याच्या तोंडातून काढून मीच त्याला तिथं घातलं होतं, वर कडीही मीच लावली होती.

मिस्त्रीनं गळणारा वॉटर पंप बदलला. पुढं पाणी कधी कमी झालं नाही. तरी ती गाडी विकेपर्यंत मी रोज सकाळी खाली वाकून बघायचे, आणि फरशी कोरडी दिसली तरी तिच्यावरून हात फिरवून बोटं हुंगायचे.