तुझी बर्था होईल

पापडी गावात बर्था तुस्कानोचं घर विचारलं तर कुठली बर्था, असं कुणी विचारायचं नाही. दुसरी नव्हतीच. नंतर जन्मलेल्या पोरींना कुणी ते नाव ठेवलंच नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी एखादी म्हातारी सुचवायची, पण घरातली माणसं तिच्याकडे अशी बघायची की ती आपली गप्प. आता हिने एवढं केलं काय होतं? चोरी नाही, कुणाचा हात धरून पळून जाणं नाही. विमान चालवायला शिकली होती, बस्स.

बाप फर्डिनंड केळीच्या वाडीतला माणूस. पोरगी गणितात पक्की निघाली, शाळेतल्या सिस्टरांनी आग्रह धरला, सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि बर्था मुंबईच्या फ्लाइंग क्लबात दाखल झाली. लोक म्हणाले, फर्डिनंडचं डोकं फिरलं. तो म्हणाला, फिरू द्या, माझंच आहे. बहात्तर साली तिला नोकरी करता येईल असा वैमानिकाचा परवाना मिळाला. रविवारी मिस्सानंतर फादरांनी तिचं नाव घेतलं आणि सगळ्या चर्चने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला आपलं गाव कधी मागे नाही.

टाळ्या संपल्या आणि वाट बघणं सुरू झालं. एका विमान कंपनीने मुलाखतीला बोलावलं. टेबलापलीकडे तीन साहेब. विमानाबद्दल त्यांनी थोडं विचारलं, मग मधल्याने विचारलं, "लग्न झाल्यावर काय करणार?"

"विमान उडवीन," बर्था म्हणाली.

तिघेही हसले. चांगले मोकळे हसले, म्हणून बर्थाला वाटलं, काम झालं. घरी येऊन तिने आईला तसं सांगितलंसुद्धा. बोलावणं काही आलं नाही. तिच्याबरोबर शिकलेली, तिच्याइतकीच उडालेली पोरं मात्र एकेक करून टाय लावून कामावर रुजू झाली.

आई आग्नेसला वाटलं, माणसांच्या नादी लागण्यात अर्थ नाही, माउलीलाच घालू साकडं. वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेत मेणाच्या वस्तू मिळतात. ज्याचा पाय दुखतो त्याने मेणाचा पाय वाहायचा, मूल हवं त्याने मेणाचं बाळ. आग्नेसने भीत भीत विचारलं, विमान आहे का हो? दुकानदाराने ढीगच दाखवला. आग्नेस हरखली. तिला वाटलं, अगोबाई, इतक्या पोरी विमान चालवायला निघाल्यात. ती विमानं आखातात नोकरी मागणाऱ्यांसाठी होती, हे तिला कुणी सांगावं? तिने त्यातलं एक निवडून मनोभावे वाहिलं.

नाताळच्या आधी माउली पावली. बर्थाच्या थोरल्या भावाचा, सॅन्टनचा, आखाताचा व्हिसा आला. त्याने कधीतरी मित्राच्या नादाने अर्ज टाकला होता, तो विसरूनही गेला होता.

सगळी पापडी हसली. आग्नेसही हसली, आणि मग चुलीपुढे बसून रडली. धूर झाला म्हणाली. चूक आपलीच, हे तिच्या मनात पक्कं बसलं. "पुढे बसायचं की मागे, ते सांगायला विसरले गो," असं ती बर्थाला कितीदा तरी म्हणाली. बर्था सुरुवातीला तिची समजूत घालायची. नंतर नुसती हं म्हणायची, कारण हा नाही तर दुसरा कुठला खुलासा तिच्याकडे तरी कुठे होता?

सॅन्टनला पोचवायला ती विमानतळावर गेली. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार म्हणून त्याची गाळण उडाली होती. "कान दुखतात का गो?" त्याने विचारलं. आवंढा गिळत राहा, तिने सांगितलं. तो आत गेला आणि ती काचेला नाक लावून उभी राहिली. भावाचा हेवा वाटला म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली. पण वाटला तो वाटलाच.

उडत राहिलं नाही तर परवाना मरतो. म्हणून शेवटी तिने विदर्भातलं फवारणीचं काम धरलं. कापसाच्या शेतांवर छोटं विमान न्यायचं, शेताच्या टोकाला एक माणूस झेंडा घेऊन उभा असतो, त्याच्या डोक्याला लागेल न लागेल इतकं खाली यायचं आणि औषध सोडायचं. औषध म्हणायचं, होतं विषच. टाकी झिरपायची. तिने मालकाला सांगितलं, तर मालक म्हणाला, नाजूक माणसांचं काम नाही हे. मग ती पुन्हा बोलली नाही. नाजूक म्हणवून घ्यायचं नव्हतं तिला. हंगाम संपला की ती पापडीला यायची आणि आग्नेस तिचे कपडे रिठ्याच्या पाण्यात उकळायची. वास जायचा नाही.

असे काही हंगाम गेले. एकदा घरी चहा पिताना कप बशीवर वाजायला लागला. थंडी आहे, बर्था म्हणाली. होळी होऊन गेली होती, कसली थंडी? पुढच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढे धरायला लावले. बोटं थरथरत होती. डॉक्टर भला माणूस होता, त्याने तिला बसायला सांगितलं, मगच बोलला. परवाना गेला. तिशीसुद्धा उलटली नव्हती.

ती परत आली आणि पापडीच्या बोलण्यात तो शब्द शिरला. कुणाच्या पोरीने मुंबईच्या कॉलेजचा हट्ट धरला की आई म्हणायची, तुझी बर्था होईल. चांगलं स्थळ नाकारलं, तुझी बर्था होईल. एकीने तर पोरगी सायकल मागते म्हणून हे ऐकवलं, बर्था शेजारून जात असताना. मग तीच बाई ओशाळून म्हणाली, "ये ना बर्था, चहा घे." बर्था गेली, तिने चहाही घेतला. तोंड कुणाकुणाचं धरणार? आणि खरं सांगायचं तर लोक वाईट नव्हतेच, म्हणून भांडताही येत नव्हतं. भांडायला बाप राहिला नव्हता. फर्डिनंड गेला तेव्हा त्याच्या शवपेटीला तिला खांदा देता आला नाही, हात साथ देईनात.

तिला उरलं होतं एकच माणूस, सॅन्टनची मुलगी सेलिन. सॅन्टन आखातात, त्याची बायको दिवसभर वाडीत, म्हणून पोरगी आत्याच्या पदराला धरून वाढली. बर्था तिला गणित शिकवायची, वारा कुठून आला की विमान कसं तिरकं धरायचं ते केळीच्या पानावर काडीने रेघा ओढून दाखवायची. रेघा वाकड्या यायच्या. सेलिन त्या सरळ करून घ्यायची. चहाच्या वेळी ती न सांगता आत्याच्या बशीला खालून हात लावायची. तेवढ्या वेळापुरतं बर्थाला आपण वाया गेलो असं वाटायचं नाही.

शहाऐंशी साली सेलिन बारावी झाली आणि म्हणाली, मी पायलट होणार.

सॅन्टन रजेवर आला होता. त्याने आकाशपाताळ एक केलं. आग्नेसने रोझरीची माळ हातात घेतली ती सोडेना. सेलिन बधली नाही. "आता बायकांना घेतात," ती म्हणाली, "पेपरात फोटो येतात." आणि ते खरं होतं. ते फोटो बर्थानेही पाहिले होते, सगळ्यांच्या आधी.

सॅन्टन वाडीत येऊन बर्थाला म्हणाला, "तुझंच ऐकेल ती. तू नको म्हण." बर्था म्हणाली, "मला वाटेल ते सांगीन." आणि तिला वाटत होतं, जा. पोरी, जा, मागे बघू नकोस. इतकी वर्षं आपण कशासाठी जगलो ते तिला त्या क्षणी कळल्यासारखं झालं.

रविवारी मिस्साहून आल्यावर सगळे ओटीवर बसले. सेलिनने चहा आणला, आत्याला दिला आणि सवयीने बशीखाली हात धरला. "आत्या, तूच सांग," ती म्हणाली. "तू सांगशील ते मी करीन."

बर्थाने तिच्या हाताकडे पाहिलं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीचा हात, जराही न हलणारा. त्या हातावर बशी, बशीत कप, आणि कप आपल्या बोटांनी वाजतोय. जा म्हणायचं होतं. शब्द ओठांवर होता. पण ही उद्या मधल्या साहेबापुढे बसेल, तो हसेल, हिला वाटेल काम झालं. कापसाचं शेत दिसलं, झेंडेवाला दिसला. आता तसं नाही, तिने स्वतःला बजावलं. पण भीतीला पेपरातले फोटो कुठे दिसतात?

"नको, बाय," ती म्हणाली. "तुझी बर्था होईल."

सेलिनने बशीखालचा हात काढून घेतला. थोडा चहा बर्थाच्या लुगड्यावर सांडला.

बापाने, आजीने, सगळ्या पापडीने सांगून तिने ऐकलं नव्हतं. आत्याने सांगितलं, आणि ऐकलं. शब्दाची पक्की पोरगी. जूनमध्ये डी.एड.ला गेली. पुढच्या वर्षी वटार गावचं स्थळ आलं, चांगलं होतं, तिने हो म्हटलं. आत्याकडे यायची, नमस्कार करायची, बरी आहेस का विचारायची. केळीच्या पानावर रेघा ओढायला मात्र बसली नाही.

लग्न ठरलं त्या दिवशी आग्नेस फार सुखात होती. बर्थाशेजारी बसून तिने लेकीचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले, थरथर थांबावी म्हणून दाबून धरले आणि अगदी मनापासून म्हणाली, "बघ बाय, तुझं एवढं शिकणं शेवटी कामाला आलं."