होडी पाण्यावर चढली तेव्हा

कोपरीहून निघताना सासूबाईंनी मला होडीत मागेच बसवलं, मशीनजवळ. आमच्यात बाळंतीण होडी हाकणाऱ्याच्या जवळ बसते, पुढच्या टोकाला नाही. भाकऱ्यांचं गाठोडं, पाण्याचा हंडा, तेही मागेच.

मोठागावला माझी आत्या अंथरुणाला खिळलेली. तिनेच मला वाढवलं. डोळे गेलेले तिचे, तरी निरोप आला, तुझ्या पोरीला एकदा हातात दे. त्या दिवसांत लोकल गाड्या बंद, म्हणून भावजींची नवी फायबरची होडी. सुकती (ओहोटी) व्हायच्या आत पोचायचं होतं, नाहीतर तिथे नुसता चिखल, माणूस कमरेपर्यंत रुततं.

कळव्याचा पूल गेला आणि भावजींनी मशीनची मूठ एकदम पिळली. होडीचं तोंड आभाळात! मागे पाणी आत येतंय की काय, मी मांडीवरच्या चिमीला छातीशी धरलं, डोळे मिटले. आवाज एवढा, पण काठावरची तिवरांची झाडं जागची हलेनात.

"अरे, होडी आहे का घोडा? दोन पायांवर उभी राहिली!" सासूबाई ओरडल्या.

"आई, मागे वजन झालंय. वहिनी, पुढे सरका."

"नको हो भावजी, पडेन मी!"

"बाळंतीण पुढे नाही बसत," सासूबाई म्हणाल्या.

"मग सुकतीला सांग, थांब म्हणून!"

असंच रखडत मुंब्र्याचा डोंगर आला. रेतीच्या होड्यासुद्धा पुढे गेल्या. मग सासूबाईंनीच हंडा पुढे ढकलला, "चल गं." मी बसल्या बसल्या पुढे सरकले. या वेळी भावजींनी मशीन हळूहळू वाढवलं, झटका नाही. तोंड जरासं उचललं, त्यांनी हात तसाच ठेवला, आणि तोंड आपोआप खाली आलं. होडी पाण्यावर घसरायला लागली. त्यांनी मशीन थोडं कमी केलं तरी वेग तसाच. सासूबाईंनी सुकटाची चटणी-भाकरी काढली. चिमी झोपली. मीही हसले.

मोठागाव दिसलं तेव्हा काठाला चिखल चमकत होता.

चुलतभावाने आत्याला खुर्चीवर बसवून काठावर आणलेलं. मधे नुसता चिखल. मी चिमीला वर धरलं.

"आत्या, आणली गं!"

"मना दिसत नाय गो! रडव तिला, आयकू दे!"

चिमी गाढ झोपलेली. मी तिच्या तळव्याला चिमटा काढला, तेव्हा रडली ती, केवढी रडली. आत्याने दोन्ही हात पुढे केले आणि तसेच ठेवले.

"वहिनी, वळवतो, नाहीतर रुतू," भावजी म्हणाले.

गाड्या सुरू झाल्यावर मी गेले, तोवर आत्या नव्हती.

पण त्या दिवशी होडीतून परत फिरताना आम्ही न सांगता पुढे बसलो. होडी लगेच वर चढली, पाणी पोटाला लागलंसुद्धा नाही. भावजी खूश, "बघितलं वहिनी?" मी मागे बघत होते. खुर्ची केवढीशी झाली. मला म्हणायचं होतं, भावजी, जरा हळू. मशीनच्या आवाजात म्हटलंच नाही.