ब्रेकची ओरिजिनल रबरं

८ फेब्रुवारी २००४, रविवार. गाडीच्या ब्रेकची रबरं बदलायची होती. गाडी नवऱ्याची, चाळीस वर्षांपूर्वी मद्रासमध्येच बनलेली. नुंगंबाक्कमच्या आमच्या फ्लॅटखाली ती कव्हर घालून उभी असायची. पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि आमच्या अकरा वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून तो गाडी तिथे नेणार होता. प्रदर्शनाशी मला देणंघेणं नव्हतं. मुलगी त्या गाडीत बसणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी गुम्मिडिपूंडीला रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम करत होते, चौदा वर्षं. ब्रेकची रबरं पास करणं किंवा बाजूला काढणं हीच नोकरी. या गाडीची कंपनी केव्हाच बंद पडली होती, त्यामुळे बाजारात नवं मिळायचं ते आमच्यासारख्यांनी बनवलेलंच. शनिवारी मी एक जोडी विकत घेऊन घरी आणली.

नवऱ्याने मात्र तिरुवल्लिकेणीच्या एका जुन्या दुकानातून ओरिजिनल जोडी मिळवली होती. कंपनीचा छापील डबा, आत मेणकागद, सील शाबूत. ते सील तोडताना पाहायला त्याचे दोन मित्र आले होते.

मी रबर नखाने दाबून पाहिलं. दबेना. वाकवलं, तर कडेला बारीक भेगा पडल्या.

"अहो, हे बसवू नका," मी म्हणाले. "तीस-चाळीस वर्षं पडून कडक झालंय. ब्रेक धरणार नाही."

"सील आत्ता तोडलंय, वहिनी. कोरं आहे," एक मित्र म्हणाला.

"रबराला सील कळत नाही, भाऊजी."

नवरा हसला. "डुप्लिकेट बनवणाऱ्यांना ओरिजिनलमध्ये खोट दिसणारच!"

तिघंही हसले. चौदा वर्षं मी जे पास करत होते त्याला माझ्या घरात डुप्लिकेट म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मेकॅनिक वयस्कर तमिळ माणूस होता. तो पाना हातात धरून थांबला. "सार, अम्मा म्हणतात ते..."

"तू बसव. ओरिजिनल नसलं तर गुण कापतात."

ब्रेकच्या आत कोणता परीक्षक डोकावणार आहे, असं मी विचारलं. मित्रांसाठी चहा टाक, तो म्हणाला.

संध्याकाळी तो मुलीला घेऊन फेरी मारायला निघाला. मी नको म्हणाले, पण ती आधीच आत जाऊन बसली होती. परत येताना आमच्याच फाटकात पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. गाडी कंपाउंडच्या भिंतीवर आदळली. वेग नव्हता म्हणून निभावलं; मुलीचा ओठ फुटला. मी धावत खाली गेले तेव्हा नवरा वाकून हेडलाइटची काच बघत होता.

"गेली," तो म्हणाला. "आता ही कुठे मिळणार?"

"बाबा, रक्त येतंय."

तेव्हा कुठे त्याने रुमाल काढला.

जेवताना त्याने ठरवून टाकलं की मेकॅनिकने बसवण्यात चूक केली, रबरात काही दोष नव्हता. पुन्हा नीट बसवून घेऊ. मग ताट तसंच ठेवून काचेसाठी फोन करायला उठला. मुलगी बर्फ धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकली. नवरा बँकेत गेल्यावर मेकॅनिकला बोलावलं. त्याने मी आणलेली रबरं बसवली. ब्रेकमधली हवा काढताना पेडल मी दाबलं. मग गाडी गल्लीत घेऊन गेले आणि चार फेऱ्यांत दहा-बारा वेळा जोरात ब्रेक मारून पाहिला. परत आले तर मेकॅनिकने काढलेली जोडी कागदात गुंडाळून ठेवली होती.

"सार विचारतील, अम्मा."

नापास माल आम्ही कारखान्यात कापूनच टाकतो, नाहीतर तो कुठून तरी परत बाजारात येतो. मी वर जाऊन कात्री आणली आणि त्याच्यासमोर दोन्ही रबरं कापली.