दादाचं ‘अ‍ॅक्च्युअली’ आणि दहाव्याचा कावळा

‘अ‍ॅक्च्युअली’ म्हणजे काय, हे मी दादाला शंभरदा विचारलं असेल. त्यानं एकदाही सांगितलं नाही. “तू वापर रं, भारी वाटतं,” एवढंच म्हणायचा. मी वापरला. आणि दोनशे माणसांसमोर जे हसं करून घेतलं, ते ऐकाच!

दादा लोणावळ्याजवळ कुरवंड्याला एका बंगल्यावर केअरटेकर होता. पाहुण्यांशी बोलताना वाक्यागणिक हा शब्द. “अ‍ॅक्च्युअली गिझर चालू आहे.” “अ‍ॅक्च्युअली लाईट आत्ता येईल.” मी सातवीत शाळा सोडलेला गडी. मला वाटलं, इंग्रजीतलं ‘देवाशपथ’ असणार!

दादा गेला. हे वाक्य लिहायला अजून जड जातं, म्हणून पटकन पुढे जातो.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. तास झाला! आणि तो शिवल्याशिवाय आई पाण्याचा थेंब घ्यायला तयार नाही.

“त्याचा जीव अडकलाय कशात तरी,” आमचे शेजारी आबा म्हणाले. “शब्द दे त्याला.”

शब्द पक्का हवा ना? मी हात जोडले. “दादा, अ‍ॅक्च्युअली मी आईला सांभाळीन!”

पिंडाजवळ उतरलेला कावळा भुर्रकन फांदीवर!

“अ‍ॅक्च्युअली तंबाखू सोडीन!” तो शेंड्यावर. “अ‍ॅक्च्युअली रोज कामाला जाईन!” तो थेट नदीपल्याड!

“गप रं गाढवा!” आई ओरडली. “थाप मारायची असली की त्यो ह्योच शब्द काढायचा! गिझर कवाच जळालाय तितला!”

आता? घाईत पहिलं जे खरं आठवलं, ते बोलून टाकलं. “दादा, तुझी गाडी मीच ठोकली रे! आबांच्या टेम्पोनं न्हाई!”

कावळा सरळ आला आणि पिंडात चोच! आई रडता रडता हसली, तांब्याभर पाणी प्याली.

मागून आबा गरजले, “आयला! म्हणून दीड वर्ष त्यो माज्याशी बोलला न्हाई व्हय? आन् तू रोज माज्याच घरी चहा ढोसत होतास?”

मी वळलो. “आबा, अ‍ॅक्च्युअली मी सांगणारच होतो...”

कावळ्यानं खाणं थांबवून मान वर केली. अख्खा घाट माझ्याकडे बघायला लागला.

“गप बस,” असं दादा मला जन्मभर सांगायचा. मी कधी ऐकलं नाही. त्या दिवशी मात्र त्याचं खाऊन होईस्तोवर दोन्ही हातांनी तोंड दाबून उभा राहिलो.